आधी खाली बसा

पाठ धरली तेव्हा आमच्या बैठकीतली फायरप्लेसची भिंत मला पहिल्यांदा दिसली. त्याआधी तीन वर्षं मी ती सजवत होते, तो भाग वेगळा.

झालं असं, की मँटेलवरचा, म्हणजे फायरप्लेसच्या वरच्या फळीवरचा, आरसा पुसायला स्टुलावर चढले, उतरताना पाय जरासा चुकला आणि कमरेत अशी उसण भरली, की पुढचे आठ दिवस आडवं पडण्याखेरीज काही करता येईना. गादी टाकली ती नेमकी फायरप्लेससमोर, कारण ऊब तिथे. मान वळवायची नाही. पुस्तक धरलं की पाच मिनिटांत हात भरून येतात. मग उरलं काय, तर समोरची भिंत.

आणि ती भयंकर दिसत होती.

सोनेरी चौकटीचा तो आरसा मी मोठ्या हौसेनं आणला होता. भिंतीला टेकवून ठेवलेला, वरच्या अंगाला किंचित मागे कललेला. उभं राहिलं की त्यात खोली दिसायची, खिडकी दिसायची, मीही बरी दिसायचे. गादीवरून मात्र त्यात फक्त छत दिसत होतं. छतावर ओलीचा एक डाग आहे. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत आम्ही तो सोडून दिला होता. आता तो सोनेरी चौकटीत बसून खोलीची शोभा वाढवत होता. मँटेलच्या फळीवर मांडलेल्या छोट्या वस्तूंच्या तर नुसत्या माना दिसत होत्या, बसच्या खिडकीतून डोकावणाऱ्या पोरांसारख्या. आणि फळीच्या खालच्या अंगाला रंगच नव्हता. कच्चं लाकूड, त्यावर धुराचा तपकिरी फराटा. तीन वर्षांत मला त्याचा पत्ता नव्हता.

भिंत सजवताना आपण उभे असतो. हातात खिळा, दोन पावलं मागे, डोळे बारीक, पुन्हा पुढे. हे सगळं उभ्यानं. आणि मग वर्षानुवर्षं त्या भिंतीकडे बघायचं ते सोफ्यावरून, खुर्चीतून, नाहीतर गालिच्यावर लोळत. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतात, बसलेल्याचे मीटर-सव्वा मीटरवर. मँटेलची फळी बहुतेक घरांत १२० ते १४० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे बसलं रे बसलं, की फळी आणि तिच्यावरचा सगळा संसार नजरेच्या वर जातो. नजरेसमोर काय येतं? ते काळं तोंड. आणि त्या तोंडाकडे मी राख काढण्यापलीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

फायरप्लेसला आपल्याकडे धड शब्द नाही, हे मला तेव्हाच जाणवलं. चूल म्हणावं तर ती रांधायची. शेकोटी म्हणावं तर तिला भिंत नसते. धुराडं म्हणजे नुसता वरचा भाग. लॅटिनमध्ये मात्र घरातल्या विस्तवाच्या जागेला नेमका शब्द होता, फोकस. केपलरनं १६०४ साली प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात तो गणितासाठी उचलला आणि पुढे तो कॅमेऱ्यात जाऊन बसला. म्हणजे फोटो काढताना आपण फोकस धरतो तो मुळात विस्तवच. आणि मी मात्र फोकस सोडून त्याच्या डोक्यावर काय टांगायचं याच्या काळजीत तीन वर्षं घालवली.

तसं ते दुखणं माझ्या एकटीचं नाही. फायरप्लेस असलेलं घर मिळालं, की पहिला प्रश्न ठरलेला: 'वर काय लावायचं?' सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये काच ओतून मोठाले आरसे करायचं तंत्र आलं आणि श्रीमंतांच्या दालनांत ते फायरप्लेसच्या वर चढले. त्यामागे दिमाख होताच, पण हिशोबही होता: मँटेलवर मेणबत्त्या लावायच्या, मागे आरसा, म्हणजे तेवढ्याच मेणात उजेड दुप्पट. विजेचे दिवे आल्यावर हिशोब संपला, आरसा तसाच राहिला. कोरीव चित्रं छापणारा इटालियन कलावंत पिरानेसी यानं १७६९ मध्ये तर फायरप्लेस कशा सजवाव्यात यावर अख्खा चित्रसंग्रहच छापला. तीन भाषांत मजकूर, आणि पानापानांवर स्फिंक्स, गरुड, इजिप्तचे देव, खांब, हार, मुखवटे. एक बोटभर जागा सोडलेली नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही ती भिंत मोकळी बघवत नव्हती म्हणायची.

आमच्याकडे आरशाच्या आधी टीव्हीचा प्रस्ताव होता. "अगं, तिथे टीव्ही लावला की प्रश्नच मिटला," हे नवऱ्याचं म्हणणं. वादात वेळ न घालवता मी आग पेटवली, तासाभरानं त्याला म्हटलं, "अरे, जिथे टीव्ही लावायचाय तिथे तळहात टेकव आणि मनातल्या मनात शंभर मोज." साठाच्या आतच हात निघाला. टीव्हीच्या पुस्तिका पाहा, बहुतेकांत भोवतालच्या हवेची मर्यादा ४० अंश सेल्सियसच्या आसपास दिलेली असते; त्या भिंतीवर त्याहून कितीतरी जास्त होतं. शिवाय बसल्या जागेवरून मान वर करून दोन तासांचा सिनेमा बघायचा, म्हणजे पुढच्या रांगेतलं तिकीट कायमचं काढल्यासारखं. जिथे फळी खोल आहे आणि उष्णता पुढे ढकलली जाते, किंवा आग पेटतच नाही, तिथे टीव्ही चालत असेल. पण मला वाटतं, एकाच भिंतीवर दोन हलते उजेड ठेवू नयेत. दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात.

टीव्हीला नाही म्हटल्यावर जबाबदारी माझ्यावर आली. मग मी काय काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण आठवलं की हसू येतं. आधी एक चित्र. मग चार चित्रं. मग चित्रं काढून तबकड्या. विषम संख्येत वस्तू मांडाव्यात असं कुठेतरी वाचलं, म्हणून फळीवर तीन, पाच, सात असं करत अकरापर्यंत पोचले. एकदा दोन्ही टोकांना उंच, सडपातळ, हस्तिदंती रंगाच्या मेणबत्त्या उभ्या केल्या. त्या पेटवायच्या नव्हत्या, नुसत्या दिसायला. चौथ्या संध्याकाळी बघते तर दोन्ही मेणबत्त्या कमरेत वाकलेल्या, जणू एकमेकींना नमस्कार करतायत. खालच्या उबेनं मेण मऊ पडलं होतं. नवऱ्यानं फोटो काढून ठेवलाय. भांडण झालं की दाखवतो.

आठव्या दिवशी उठून बसता आलं, तेव्हा ठरवलं, की यापुढे काम खालून वर करायचं. आधी तोंड, मग तोंडाभोवतीच्या विटा, मग फळी. आणि वरचं सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

तोंडाचं काम म्हणजे काजळीचं काम. राख दोन दिवसांपूर्वीची, वरून थंडगार, पण मधोमध खुपसलेली पळी गरम लागली. राखेच्या पोटात निखारा दिवसचे दिवस जागा राहतो. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर, मोकळ्या जागेत ठेवली. मग माझ्या हातून चूक झाली: बाहेरच्या विटांवर काजळीचा पंखा उमटला होता, तो मी ओल्या फडक्यानं पुसला. पाण्याबरोबर काजळी विटेच्या रंध्रांत शिरली आणि करड्याचं काळं झालं. काजळी आधी कोरडी काढायची असते. त्यासाठी रबराचा सुका स्पंज मिळतो, दिसायला पावाच्या लादीसारखा. तो दाबून एकाच दिशेनं ओढायचा, घासायचा नाही. एक ओढ घेतली की स्पंजावर काळा पट्टा येतो आणि मागे विटेचा लाल पट्टा उघडा पडतो. पुढच्या ओढीला स्पंजाची दुसरी बाजू. काळवंडलेला थर सुरीनं कापून टाकायचा, की आत पुन्हा स्वच्छ. दोन दुपारी मी हेच करत होते. मध्ये एका विटेवर, सांध्याच्या अगदी लगत, चार बोटांचे दाबलेले खळगे सापडले. ओली असताना ती वीट कुणीतरी उचलली असणार. माझी बोटं त्यांत ठेवून पाहिली. करंगळी बसेना, बाकी तीन बसली.

धुराडं बघायला माणूस आला, त्याला मी उत्साहानं माझे बेत सांगितले. त्यानं डोकं आत घालूनच उत्तर दिलं, "भिंत सजवा नाहीतर नका सजवू. झडप नीट उघडते का ते आधी बघा." बरोबर होतं त्याचं. वर नळीत डांबरासारखा चिकट थर साठतो, तोच एखाद्या दिवशी पेट घेतो. म्हणून वर्षातून एकदा तपासणी हवी. त्याच्याकडूनच कळलं, की आमच्या फायरप्लेसच्या आतल्या बाजू तिरक्या का आहेत. मला वाटलं होतं, गवंड्याचा ओळंबा चुकला असेल. पण ती रमफर्डची देणगी. काउंट रमफर्ड या संशोधकानं १७९६ मध्ये दाखवून दिलं, की खोल, चौकोनी फायरप्लेस सगळी उष्णता वर पाठवते. खोली कमी करा, बाजूच्या भिंती बाहेरच्या दिशेनं तिरक्या करा, वरचा गळा अरुंद करा. धूर नीट चढतो आणि ऊब माणसांकडे येते. सजावटीच्या दृष्टीनंही हे मोलाचं आहे. तिरक्या बाजू पुढून दिसतात, म्हणून त्या स्वच्छ असल्या की आगीचा उजेड त्यांच्यावर पडून बाहेर येतो. मागच्या भिंतीला आम्ही बिडाची एक जाड पाटी टेकवली. ती मागच्या विटा वाचवते, तापते आणि आग विझल्यावरही बराच वेळ ऊब देत राहते. तिच्यावर साधी पानांची नक्षी आहे. पेटलेल्या आगीमागे ती पानं हलल्यासारखी वाटतात.

विटांचं दुखणं जुनं होतं. आमच्या आधी राहणाऱ्यांनी तोंडाभोवतीच्या विटांना पांढरा प्लास्टिक पेंट मारला होता. विटांना रंग द्यावा की देऊ नये यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत विचाराल तर रंगाला माझी हरकत नाही, झाकणाला आहे. वीट आतून ओल घेते आणि सोडते. तिच्यावर प्लास्टिकची कातडी चढवली, की ओल मागून ढकलत राहते आणि एक दिवस कातडी फुगते. आमच्याकडे तोंडाच्या वरच्या ओळीत नखाएवढे पापुद्रे सुटले होते. जुना रंग असला तर त्यात शिसं असू शकतं, तेव्हा तपासल्याशिवाय खरवडू किंवा घासू नये. आम्ही तपासून घेतला आणि मग रंग सोडवणारा लेप लावून काढला. खालच्या विटा सगळ्या एकसारख्या लाल नव्हत्या, काही जांभळट, एक-दोन जवळजवळ काळ्या. तशाच ठेवायला मला आवडलं असतं, पण खोली उत्तरेकडची, आधीच अंधारी. म्हणून चुना. पातळ केलेला चुना ओल्या विटेवर ब्रशनं मारला, की आधी काहीच दिसत नाही. दुधाळ पाणी ओघळल्यासारखं वाटतं आणि आपण फसलो असं वाटून दुसरा हात जाड मारायचा मोह होतो. मारू नये. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, आणि सकाळपर्यंत पांढरा उमलून येतो. विटेचा पोत दिसतो, सांधे दिसतात, ओलीची ये-जा बंद पडत नाही. बोटांच्या खळग्यांच्या विटेवर मी चुना मारला नाही. पाहुण्यांना वाटतं, राहून गेली.

आता फळीखालची गोष्ट. तो तपकिरी फराटा शोभेचा प्रश्न नव्हता, इशारा होता. विटांच्या फायरप्लेसबाबत बांधकामाच्या नियमांत एक हिशोब वापरतात: तोंडापासून सहा इंचांच्या आत जळणारं काही नको, आणि बारा इंचांच्या आतलं लाकूड पुढे काढायचं असेल, तर तोंडापासूनच्या दर इंच अंतरामागे इंचाचा फक्त आठवा भाग. म्हणजे तोंडाच्या आठ इंच वर फळी असेल तर ती एकच इंच पुढे येऊ शकते. आमची फळी दहा इंचांवर होती आणि सात इंच पुढे. सुतारानं मोजलं आणि टेप पुन्हा लावून मोजलं. ती उतरवून, तोंडापासून चौदा इंचांवर नव्यानं बसवली. कारखान्यातून तयार आलेली फायरप्लेस असली तर तिच्या पुस्तिकेतली अंतरं पाळायची, ती वेगळी असतात. फळीवरून खाली लोंबणाऱ्या माळा, सुकी पानं, कापडी झालरी यांच्याबद्दल बोलायलाच नको. फोटोत त्या गोड दिसतात, कारण फोटोत आग पेटलेली नसते.

उन्हाळ्याचा प्रश्न उरतो. आग नसली, की तोंड म्हणजे भिंतीतलं भोक. हा प्रश्न जुना आहे. अठराव्या शतकात युरोपातल्या घरांत उन्हाळ्यात तोंडावर बसवायला रंगवलेल्या फळ्या असत, कुणी त्यांवर फुलदाणी रंगवून घेई. मी तिथे पुस्तकांची चळत, काचेचे गोळे, दिव्यांची माळ असे सगळे उद्योग केले. सगळं दुकानाच्या खिडकीसारखं दिसलं. आता लाकडाचे ओंडके असतात, कापलेली गोल तोंडं पुढे, तळापासून वरपर्यंत ठासून. वर्तुळांच्या मधल्या फटीत काळोख राहतो, तो मी मुद्दाम राहू देते.

मागे एका पुस्तकात बेल्जियन चित्रकार रने माग्रितचं १९३८ मधलं एक चित्र बघितलं होतं. मूळ शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. संगमरवरी फायरप्लेस, वर घड्याळ, दोन रिकाम्या मेणबत्तीदाण्या, मागे आरसा. अगदी आज्ञाधारक मांडणी. आणि तोंडातून एक आगगाडीचं इंजिन धुरासकट खोलीत येतंय. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. पडून राहिलेल्या आठ दिवसांनंतर ते मला जवळजवळ वास्तववादी वाटतं. त्या भिंतीवर जे घडतं ते तोंडातून घडतं. घड्याळाकडे बघतो कोण?

अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यानं १९३५ मध्ये पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर घर आखलं, फॉलिंगवॉटर. तिथल्या बैठकीत फायरप्लेससमोर फरशीतून एक खडक वर आलाय. तो आणून बसवलेला नाही, मूळचा त्या जागेवरचाच. भोवतालच्या फरशीला मेण घासून पाण्यासारखी चकाकी दिलेली आणि खडक तसाच कोरडा, ओढ्यातून डोकं वर काढलेल्या दगडासारखा. आमच्या जमिनीतून कुठला खडक निघणार. पण तोंडापुढच्या दगडी ओट्याकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेनं बघू लागले. तो रिकामा ठेवायचा, एवढंच केलं. आधी तिथे टोपली, चिमटे, फुंकणी, लोखंडी कुत्र्याची मूर्ती असं संमेलन भरायचं. आता एका कडेला चिमटा आहे. ठिणगी उडाली तर पडायला जागा हवी, तीच डोळ्यालाही लागते.

बाजूच्या कोनाड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धुराड्याचा भाग पुढे आला की दोन्ही बाजूंना खोलगट जागा उरते आणि सगळे जण दोन्हीकडे जुळी कपाटं करतात. आम्ही डावीकडे पुस्तकं ठेवली आणि उजवीकडे एक उभा दिवा. कपाट फळीच्या रेषेच्या खालीच संपवलं. ते वर गेलं असतं तर मधली फायरप्लेस दोन हवालदारांमध्ये धरून आणल्यासारखी दिसली असती.

फळीवर सध्या तीन वस्तू आहेत, तिन्ही डाव्या बाजूला. एक मातीचा ठेंगणा घट, त्याच्या पाठीशी टेकवलेलं एक छोटं चित्र, आणि आगपेटी. आगपेटी सजावटीत धरावी का यावर घरात एकमत नाही. फळीची खालची बाजू मी स्वतः पाठीवर पडून रंगवली, गडद हिरवी. उभ्या माणसाला ती दिसत नाही.

आरसा जिन्यापाशी गेला. तिथे सगळे उभ्यानंच जातात. छताचा डाग मात्र अजून आहे. आणि फळीच्या वरची जागा गेले दीड वर्ष मोकळी आहे. आग पेटली की तिच्यावर नुसता उजेड हलतो, खाली दाट आणि वर जाताना विरळ. एकदा तिथे ताणे-बाणे दिसणारं एक जाड विणकाम लावायचं मनात आलं होतं. मोजमापही घेतलं. कागद कापून चिकटवला, चिकटपट्टी उबेनं सुटली आणि कागद खाली आला. पुन्हा लावला नाही.

येणारा प्रत्येक जण दारातून आत येतो, कोट काढायच्या आधी त्या मोकळ्या भिंतीकडे बघतो आणि विचारतो, "वर काय लावणार आहात?" मी खुर्ची पुढे ओढते आणि म्हणते, आधी खाली बसा.